पाच किलोचं वजन आणि पसरणीचा घाट

पसरणीच्या घाटात मला आबांनी वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. काय झालं ते मागून सांगेन. कारण काय झालं तिथून सुरुवात केली की माझी जीभ अडखळते, आबांचं नाव शेवटी येतं आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. असं तीन-चार वेळा झालंय.

आबा माझे कुणी लागत नव्हते. इंदापुरात हायवेच्या कडेला एका सहकारी संस्थेचा वजनकाटा होता. त्यावर ते मोठे तोलार आणि मी त्यांच्या हाताखाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातवीनंतर शाळा सोडलेला, महाबळेश्वराच्या वाटेवरच्या एका वाडीतला, एकविशीचा. आमच्याकडे पाऊस चार महिने उघडत नाही आणि इथे पाऊस आला तर लोक अंगणात येऊन बघतात. पहिल्या दिवशी काट्यावर उतरलो तेव्हा चारी बाजूंना बाभळी, पांढरी धूळ आणि लांबवर पाण्याचा टँकर. आपण कुठे येऊन पडलो, असं वाटलं. तेवढ्यात केबिनमधून आवाज आला, "पावणं, आधी हिकडं उभं ऱ्हावा."

पोत्यांच्या काट्यावर त्यांनी मला उभं केलं. दांडी स्थिर होईपर्यंत वाकून बघत राहिले.

"शेहेचाळीस. पोत्याला बी कमी की वो तुमी."

नाव त्यांनी नंतर विचारलं आणि विचारून कधी वापरलं नाही. शेवटपर्यंत मी पावणंच राहिलो. खरं तर कुणाचंच नाव ते वापरत नसत. सचिव म्हणजे "ब्यान्नव किलो", चहावाला म्हणजे "एकसष्ट". एकदा चहावाला आजारी पडून उठला तर आबा त्याला बघून हळहळले, "एकसष्टचा चोपन झाला बिचारा." त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी सांगायच्या, "लग्नाच्या चौथ्या दिशी मला काट्यावर नेलं ह्यांनी. म्हटलं देवाला नेत्यात. कुठलं काय, पोत्यांच्या वळीत हुबी केली."

आबा अंगाने लहानखुरे, मान जरा पुढे काढलेली. आयुष्यभर दांडीकडे वाकून बघण्याने ती तशीच राहिली असावी. खिशात कायम एक फडकं असायचं. त्याने ते घाम पुसत नसत, वजनं पुसत. संस्थेकडे सरकारी शिक्क्याच्या वजनांचा एक संच होता, लाकडी पेटीत. काटा बरोबर चालतो की नाही हे त्या वजनांवर तपासायचं. दर सोमवारी आबा ती एकेक करून काढायचे, पुसायचे आणि परत ठेवताना पेटीच्या झाकणावर दोन बोटं टेकवून ती कपाळाला लावायचे. दुसऱ्या कुठल्या गोष्टीपुढे त्यांना हात जोडताना मी पाहिलं नाही.

त्यांचं एक वाक्य सगळ्या इंदापुराला पाठ होतं. "काट्याकडं बघा, माझ्याकडं नका बघू." गाडी काट्यावर आली की ते ड्रायव्हरला आणि मालाच्या मालकाला, दोघांनाही केबिनमध्ये बोलवायचे. दांडी त्यांच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पावती फाडायची नाही. मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे. एखादा ड्रायव्हर खिडकीतूनच ओरडायचा, "आबा, लिवा की, इश्वास हाय आमचा."

"इश्वास घरी ठिवा. खाली उतरा."

"रोजचाच माल हाय वो."

"मग रोज उतरा."

मी पहिले सहा महिने या माणसाला घाबरून होतो. खरं सांगायचं तर मी सगळ्यांनाच घाबरत होतो. एसटीडी बूथवरून वाडीच्या शेजारच्या दुकानात फोन लावायचा झाला तरी मी नंबर दोनदा चुकवायचो. हे त्यांनी ओळखलं असावं. त्यांच्या घरामागची खोली मला दिली, आणि काकींच्या परातीत माझी एक भाकरी वाढली. ती भाकरीही वजन करूनच. "शेहेचाळीसला एवढी बास न्हाय, अर्धी आणिक," असं ते आतून सांगायचे.

आणखी एक खोड. ज्या गाडीचं वजन आपण केलं नाही तिच्यात ते बसत नसत. एसटीत नाही, ट्रकमध्ये नाही. सगळीकडे सायकल. काळी, बावीस इंची, घोड्याने ओढावी तशी जड. बारामतीला लग्न असलं तरी पहाटे सायकलवर टांग.

त्या ऑगस्टमध्ये सचिवांनी मला बोलावून सांगितलं की सोमवारी सभा आहे, तुला कायम करायचं चाललंय, तेवढा शाळा सोडल्याचा दाखला आणून दे. दाखला नसेल तर दुसऱ्याचं नाव आहे. दाखला होता वाडीच्या शाळेत. मी कधी काढलाच नव्हता. शाळा जशी सोडली तसा कागदही सोडून आलो होतो. स्टँडवर चौकशी केली तर पसरणीच्या घाटात दरड आलेली, एसटी वाईपर्यंतच. इथे पावसाचा थेंब नाही आणि तिथे डोंगर रस्त्यावर येऊन बसलेला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदम उजळले. "दरडीवरनं सायकल उचलून नेता येती. मी बी येतो. मला वर एक काम हाय."

काम काय, तर एका शाळामास्तरांनी कांद्याच्या पावतीवर सही करता करता त्यांना सांगितलं होतं की उंच डोंगरावर गेलं की वस्तूचं वजन कमी भरतं. आबा त्या दिवसापासून बेचैन होते. "शिक्क्याचं पाच किलो वर जाऊन पाच भरत नसंल, तर मग ह्या शिक्क्याला अर्थ काय?" पेटीतली पाच-पाच किलोची दोन वजनं त्यांनी फडक्यात बांधली. एक त्यांच्या कॅरिअरवर, एक मी भाड्याने घेतलेल्या सायकलच्या कॅरिअरवर. हातात धरायची तागडी त्यांच्या हँडलला. पेटीतली वजनं बाहेर न्यायची नाहीत, असा नियम होता. तो नियम त्यांनीच केलेला. मला धक्का बसला तो तिथेच पहिला. जो माणूस पावतीवर खाडाखोड करत नाही, तो शिक्क्याची वजनं घेऊन डोंगर चढायला निघाला होता.

मंगळवारी निघालो. इंदापूर सुटलं की काय होतं? माळ. मटकीची चार चार बोटं वर आलेली पानं, तीही धुळीने भरलेली. बारामतीच्या अलीकडे कालव्याचं पाणी दिसलं आणि उसाची हिरवी भिंत सुरू झाली. मला वाटलं आलं आपलं गाव. आबा म्हणाले, "हे मापून सोडल्यालं पाणी हाय, पावणं. ह्याच्यावर हुरळून जाऊ नका."

रात्रीला वडगाव निंबाळकरला त्यांच्या बहिणीकडे टेकलो. जेवताना त्यांनी ते सांगितलं, जे मला तोवर माहीत नव्हतं.

"आमच्या म्हाताऱ्याला वाणी सामान वट्यावरनं टाकायचा. ह्यानं खाली धोतराच्या वच्यात झेलायचं. तराजू आत, म्हातारा भाईर. किती दिलं, किती न्हाय, काय कळायचं? छप्पन साली आमी धर्म बदलला, मी शाळंत गेलो, काट्याला चिकाटलो. पर म्हाताऱ्याला मरस्तवर काटा दिसला न्हाय."

बहीण म्हणाली, "दादा, गार व्हायलंय. जेव."

ते जेवले. मी मात्र भाकरी कुस्करत बसलो. आमच्या वाडीतही दुकानाला एक ओटा होता आणि त्याच्या खाली उभी राहणारी काही माणसं होती. मी लहानपणी त्या ओट्यावर बसून शेंगदाणे खाल्ले होते. कोण खाली का उभं आहे, हे मला कधी पडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नीरा, लोणंद, मग खंडाळा. खंबाटकीत माझी जीभ बाहेर आली. मी उतरून सायकल ढकलू लागलो. आबा उतरले नाहीत. त्यांची पद्धत निराळी होती. रस्ता मोकळा दिसला की सरळ वर न जाता या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवं जायचं, मग तिकडून परत इकडे. पायताणाची शिलाई घालावी तसं. ट्रकवाले शिव्या घालत होते. एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "आबा, रस्ता इकत घेताय का?"

"मोजून बघतोय," आबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी वाईतून पसरणीचा घाट सुरू केला. पहिल्या दोन वळणांत ऊन होतं. तिसऱ्यावर ढगाने रस्ता गिळला. खाली धोमचं पाणी दिसत होतं ते पुसलं गेलं. खडकातून पाणी वाहत होतं, रस्त्यावरून वाहत होतं, सायकलच्या चाकाखालून वाहत होतं. आबांनी ब्रेक दाबून सायकल थांबवली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"हे कुणाचं पाणी?"

"कुणाचं नाही. असंच येतं."

"आन कुठं जातं?"

"खाली."

त्यांनी वाकून त्यात हात घातला. मग जरा रागानेच म्हणाले, "न मोजता?" इतका हबकलेला माणूस मी पाहिला नव्हता. पुढे दरडीवर चिखलातून सायकली खांद्यावर घेतल्या, पाचगणीचे सिल्व्हर ओक मागे टाकले आणि मग खरं रान लागलं. हिरडा, जांभूळ, खोडांवर शेवाळ इतकं जाड की हात लावला तर बोटं आत जावीत. ते तिथे कुजबुजत बोलू लागले. मी विचारलं, आबा हळू का बोलताय? तर म्हणाले, "कुणाच्या घरात शिरल्यागत वाटतंय."

शाळेत तरुण गुरुजी होते, मला न ओळखणारे. त्यांनी रजिस्टर काढलं, माझं नाव सापडलं आणि अर्ध्या तासात दाखला हातात आला. ज्या कागदासाठी मी चार रात्री झोपलो नव्हतो तो इतका पातळ होता. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवला.

आबांनी तोवर शाळेच्या व्हरांड्यात तागडी धरली होती. एका पारड्यात एक पाच किलो, दुसऱ्यात दुसरं. सगळी शाळा गोळा झालेली. दांडी हलली, डुलली आणि बरोबर मधोमध उभी राहिली. आबांचा चेहरा असा झाला की काकींना दाखवावा.

"बघा. जरा तरी फरक हाय का? शिक्का वर बी खरा, खाली बी खरा."

गुरुजी भला माणूस. पण मास्तरच शेवटी. म्हणाले, "आबा, पण दोन्हीकडे वजनंच ठेवलीत. वर आल्यावर दोन्ही सारखीच हलकी होणार. मग दांडी कशी हलेल? स्प्रिंगचा काटा आणायला हवा होता."

आबांनी तागडी खाली ठेवली नाही. तशीच धरून उभे राहिले.

"म्हंजे दोघं बी कमी झाले, तर काटा सांगत न्हाय?"

"नाही सांगत."

तीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसालाच ही चूक सुचू शकते. दुसरा कुणी असता तर हसला असता. आबा आमच्या घरी आले, आईने नाचणीची भाकरी दिली, ती त्यांनी हातात तोलूनसुद्धा बघितली नाही.

शुक्रवारी उतरायला निघालो तेव्हा त्यांनी करवंदीची दोन डहाळी तोडली आणि दोन्ही सायकलींच्या मागे सुतळीने बांधली. उतारावर डहाळं रस्त्यावर घासत येतं, सायकल आवरलेली राहते. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर धरत नाहीत, हे त्यांनी मला समजावलं. मला. त्या घाटात लहानाचा मोठा झालेल्याला. पाचगणीतून जाताना शाळेची पोरं माझ्या मागच्या फरफटणाऱ्या झुडपाकडे बघून हसली. माझ्या बनियनमध्ये दाखला होता, सोमवारी मी कायम होणार होतो. बाजार संपल्यावर आबा पुढे होते, ढग होता. मी उतरून सुतळी सोडली आणि डहाळं नाल्यात टाकलं. घाईत कॅरिअरवरच्या वजनाची गाठही सैल झाली असणार. मी बघितलं नाही.

घाट लागला आणि सायकल माझी राहिली नाही. दोन्ही ब्रेक मुठीत, आणि चाकं तशीच फिरताहेत. ओरडलो की नाही आठवत नाही. आबांना आवाज आला असावा, नुसता सायकलचा आवाज, डहाळं घासल्याचा नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. वळण पुढेच होतं आणि वळणाचा कठडा दरडीने नेलेला. ते उतरले, आपली सायकल रस्त्यात आडवी घातली आणि तिच्या अलीकडे स्वतः उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून.

मी त्यांच्या अंगावर आदळलो. आम्ही चौघं, म्हणजे ते, मी आणि दोन सायकली, जे काही म्हणाल ते, कडेच्या दगडापर्यंत घसरत गेलो. तिथे थांबलो. माझ्या कॅरिअरवरून काहीतरी उडालं. फडकं एकीकडे, वजन एकीकडे. कठड्याच्या मोकळ्या जागेतून ते गेलं आणि खाली कुठेतरी एकदा वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एकदा, फार खाली.

आबांनी आधी मला चाचपलं. डोकं, मान, बरगड्या, गुडघे. एकाच हाताने. दुसऱ्या हाताचं मनगट तोवर सुजून वांग्याएवढं झालं होतं. मग त्यांनी रिकाम्या कॅरिअरकडे बघितलं, सुटलेल्या सुतळीकडे बघितलं. डहाळं कुठे आहे हे विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

दोन तास आम्ही त्या झाडोऱ्यात शोधलं. पावसात, जळवांत. मग ते म्हणाले, "चला. सोमवार हाय तुमचा."

वाईतून आम्ही एसटीने आलो. सायकली टपावर. आबा खिडकीशी बसले होते, मनगट मांडीवर. वजन न केलेल्या गाडीत. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. बारामतीला हाताला प्लास्टर घातलं आणि दवाखान्याच्या पायरीवर ते म्हणाले, "हे बघा पावणं. पेटी माझ्या ताब्यात, वजन मी भाईर काढलं. दोघांची नावं घिऊन काय मिळणार? तुमी गप ऱ्हायचं."

मी गप्प राहिलो. एवढं सोपं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

सोमवारी सभेत मला कायम केलं. त्याच सभेत आबांनी उभं राहून सांगितलं की पेटीतलं पाच किलोचं एक वजन आपल्या हातून घाटात हरवलं आहे. घाटात? कशाला नेलं होतं? त्यांनी खरं ते सांगितलं, आणि लोक हसले. मग एक सभासद हसता हसता थांबला.

"वजन डोंगरावर तोलायला नेलं म्हणे. आरं, शिक्क्याचं वजन गायब करतोय म्हंजे काटा मारत आसंल हा. किती वर्सं मारतोय कुणाला ठावं?"

संस्थेपुढचा सभेचा ओटा भरलेला होता. ज्यांना आबांनी भर उन्हात गाडीतून खाली उतरवून दांडी दाखवली होती, ती सगळी माणसं तिथे होती. कुणी बोललं नाही. एक म्हणाला, "तरीच काट्याकडं बघा, काट्याकडं बघा करायचा." आबा उभेच होते. प्लास्टरमधला हात छातीशी. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी खाली मान घातली होती. नंतर वर बघितलं तर ते केबिनकडे बघत होते, काट्याच्या दांडीकडे. माझ्या खिशात ऑर्डर होती. ती मी मुठीत इतकी घट्ट धरली होती की घरी आलो तेव्हा शाई बोटांना लागलेली होती.

त्यांना काट्यावरून काढून गोदामाच्या फाटकावर बसवलं. त्यांच्या जागी मी बसलो. काकींनी माझी भाकरी बंद केली नाही. पण आतून "अर्धी आणिक" असा आवाज यायचा थांबला. मी वर्षभर काढलं. रोज दांडीवर वाकलो की गुरुजींचं बोलणं आठवायचं. दोन्ही पारड्यांत एकाच वेळी घट झाली तर दांडी हलत नाही. एका संध्याकाळी मी राजीनामा लिहिला आणि निघालो. तेव्हाही खरं बोललो नाही. निघताना पाया पडलो तर ते म्हणाले, "बावन्न तरी झालाय आता. नदरंनं सांगतो."

आज मी नाशिककडे द्राक्षाच्या शीतगृहात आहे, तिथेही वजनावरच. घरापासून लांब, इंदापूरपासून लांब. शेतकऱ्यांना आत बोलावून काटा दाखवतो, ते वैतागतात. आबा इंदापूरच्या अलीकडे डाळजला लेकीकडे असतात, असं एका ट्रकवाल्याने सांगितलं. हायवेच्या कडेला बाजेवर बसतात आणि जाणाऱ्या गाड्यांची वजनं अंदाजाने सांगतात. ट्रकवाला म्हणाला, "माझी गाडी सांगितली. पुढं काट्यावर केली तर बरोबर."

आबा, इथे एका दुकानातून मी पाच किलोचं वजन घेतलंय. नवं, शिक्क्याचं. रोज फडक्याने पुसतो. एक दिवस सायकलवर ते घेऊन येणार आहे, डाळजला तुम्हाला घेऊन पुढे इंदापूरला. सभेच्या दिवशी. ओट्यावर उभा राहून सांगणार आहे की डहाळं मी सोडलं, गाठ मी सैल केली, वजन माझ्या कॅरिअरवरून गेलं आणि कठड्याकडे मीही गेलो असतो. तुम्ही समोर बसायचं. आणि त्या दिवशी तेवढं, आबा, काट्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा.